कित्ता उतरवू नये

सोमवार, ३ जून

ताई,

नमस्कार. 'शिरसाष्टांग' मुद्दाम लिहिलेलं नाही. माझा उजवा गुडघा वाकत नाही, आणि ज्याला वाकता येत नाही त्याने साष्टांग लिहू नये.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून कुणाचं काही बरंवाईट झालं असं समजू नकोस. सगळे धडधाकट आहेत. काम आहे म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात मी शिंप्याच्या पाटीला रंगाचा दुसरा हात देत होतो, तेव्हा एक बाई वर्कशॉपच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीतल्या शाळेत तिसरीला शिकवतात. "काका, तो कित्ता तुमचाच ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्षरं माझी, वाक्यं माझ्या ताईची." बघ, सहा वर्षांत हे उत्तर मी एकदाही अर्धं दिलेलं नाही.

बाईंनी माझ्यापुढे एक नोटीस ठेवली. आपण दोघांनी ज्या कंपनीला कित्ता छापायचा परवाना दिला, तिचीच. झालं असं की शाळेने कित्त्याची संगणकावरची प्रत विकत घेतली, एकच. बाईंनी त्यातलं एक पान छापलं, कोपऱ्यावरून वर्गापुरत्या झेरॉक्स काढून आणल्या, मुलांनी गिरवल्या, आणि बाईंनी त्या कौतुकाने भिंतीवर लावल्या. मुख्याध्यापकांना आणखी कौतुक. त्यांनी भिंतीचा फोटो काढून शाळेच्या वेबसाइटवर टाकला. कंपनीने तो पाहिला. आता कंपनी म्हणते, सगळ्या प्रती नष्ट करा, दर मुलामागे दर वर्षी वेगळा परवाना घ्या, नाहीतर कोर्टात या. आणि कोणत्या प्रती नष्ट करायच्या, त्यात हेही आहे: 'विद्यार्थ्यांनी हाताने काढलेल्या प्रतींसह.'

मी ते भिंगातून वाचलं. हाताने काढलेल्या प्रती, आणि त्याही कित्त्याच्या. कित्त्याला दुसरं काय करतात ताई? उद्या उड्या मारायच्या दोरीवर छापतील, 'कृपया उड्या मारू नयेत.'

मी बाईंना घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांची पाटी मी केली आहे, 'वकील' मधली वेलांटी ऱ्हस्व करून मागत होते, मी केली नाही, तेव्हापासून माझ्याशी जपून बोलतात. त्यांनी नोटीस वाचली, मग शाळेने संगणकावर ज्याला 'मान्य आहे' म्हटलं तो करार वाचला. म्हणाले, "बाई, वर्गात शिकवण्यापुरतं पानभर उतरवून घेतलंत. कायद्यात अशा रास्त वापराला जागा असते. तुम्ही छापील पुस्तक आणलं असतंत तर मी यांना दोन ओळींत गप्प केलं असतं."

"मग करा की," मी म्हटलं.

"पण शाळेने करार केलाय. त्यात लिहिलंय, कायद्याने जी सूट मिळते ती आम्ही मागणार नाही. कायदा बाईंच्या बाजूने बोलायला उभा राहिला आणि मुख्याध्यापकांनी बटण दाबून त्याला खाली बसवलं."

"वाचलं नसेल हो कुणी," बाई म्हणाल्या.

"वाचू नये म्हणूनच तेवढं लांब लिहितात."

आता मुद्दा. आपला कंपनीशी केलेला करार जुलैअखेर संपतो. पुढे वाढवायचा तर दोघांच्याही सह्या लागतात. त्यांचे कागद तुलाही आले असतील. सही करू नकोस. मीही करणार नाही. करार संपला की मी तोच कित्ता नव्याने काढून शिक्षकांसाठी मोकळा करणार आहे. वाक्यं तुझी राहतील. तुझी हरकत नसेल असं धरून चालतो.

पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. तिकीट लावलेलं आहे. उत्तराची घाई नाही.

तुझा,
अक्षरशत्रू
(सातवीत शाळा सोडली तेव्हा तूच हे नाव ठेवलंस. आता या गल्लीतल्या निम्म्या पाट्या या अक्षरशत्रूच्या हातच्या आहेत.)


रविवार, १६ जून

ताई,

तुझं उत्तर मिळालं. पूर्ण पानावर एकच ओळ: 'विचारतोस की कळवतोस?'

पाकिटावर तिकीट मी लावलं होतं, निदान तेवढं तरी वसूल करायचंस.

बरं. त्याआधी कंपनीच्या माणसाचा फोन येऊन गेला. गोड बोलतो. "सर, तुमच्या सिस्टरनी तर तयारी दाखवली आहे." मी विचारलं, "सही केली?" तर म्हणे, "ऑलमोस्ट." ताई, ऑलमोस्ट सही म्हणजे काय असतं? पेनाचं टोपण काढलंस की काय?

खरंच करणार असशील तर कर. मी लहान आहे, तुला शिकवणार नाही. पण मला चिडवायला करत असशील तर थांब, मी आधीच चिडलेलो आहे.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. सहा वर्षांपूर्वी तूही वर्गासाठी आपल्याच कित्त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्यास. तेव्हा तुलाही अशीच नोटीस आली होती. 'दोघांनी मिळून कंपनीला लिहू, की करणाऱ्यांचीच हरकत नाही,' असं तू म्हणालीस. आणि मी म्हणालो, करारात आहे ते आहे, आणि शिवाय तुझ्या त्या झेरॉक्स बघ, 'ळ'चे दोन्ही डोळे बुजलेत. त्यावर तू म्हणालीस, "तुला मुलांपेक्षा 'ळ' मोठा," आणि पायात चपला घालून निघून गेलीस. वहाण उजवी की डावी आधी घातलीस तेही सांगेन.

त्यातला माझा एक शब्दही मी मागे घेत नाही. 'ळ' बुजलेलाच होता. बुजलेला 'ळ' गिरवून मूल आयुष्यभर काळा ठिपका काढतं. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'कवळी' शब्द आहे. जा आणि बघ, हवा खेळते त्या 'ळ'मधून.

तर वाक्यांचं. तुला विचारायला लावायचं असेल तर राहू दे. अक्षरं माझी आहेत, ती मी कधीही काढू शकतो. वाक्यं काय, मीही लिहीन. कर्ता, कर्म, क्रियापद. त्याला काय मास्तरकी लागते?

पुन्हा पाकीट जोडतो आहे. या वेळी तिकीट तू लाव.

अक्षरशत्रू


मंगळवार, २ जुलै

ताई,

मी वाक्यं लिहिली. वाचून घे, म्हणजे मी काही लपवलं असं होणार नाही.

'ट'साठी: टेबलावर टोपली आहे. टोपलीत टाचणी आहे.
'ढ'साठी: ढोल मोठा आहे.
'ळ'साठी: काळे केळे, पिवळे केळे.

व्याकरण बिनचूक आहे. प्रत्येक ओळ मापात बसते. तिसरीच्या बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, "काका, मुलं झोपतील हो."

मी म्हटलं, "अक्षर बघायचंय, वाक्य नाही."

"पण ती अक्षर बघतच नाहीत ना. ती ढगाला बघतात." मग त्यांनी तुझी ओळ म्हणून दाखवली, न बघता: ढगाला ढ म्हणू नका, तो पाठ करून गडगडतो. म्हणाल्या, वर्गात एक मुलगी आहे, आधीच्या शाळेत तिला सगळे 'ढ' म्हणायचे. नोटीस आल्यावर भिंतीवरची पानं काढली तेव्हा सगळ्यांनी आपापली दिली, तिने दिलं नाही. दप्तरात घडी करून ठेवलंय. "कायद्याने ते नष्ट करायला हवं," बाई म्हणाल्या, "पण माझ्याच्याने तिचं दप्तर उघडवत नाही."

मी घरी आलो आणि माझी वाक्यं फाडली. चार तुकडे केले. काळ्या केळ्याचे आठ.

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या धंद्यातली आहे, म्हणून ठासून सांगतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी माझी खुर्ची टाकून बसलो. त्याला म्हटलं, हे पान काढ. मग त्या निघालेल्या प्रतीची प्रत काढ. मग तिची. तो म्हणाला, "काका, ओरिजिनल आहे ना तुमच्याकडे, मग नकलेची नक्कल कशाला?" मी म्हटलं, "शाळेत ओरिजिनल कधी पोचतं का? एक बाई दुसरीला देते, दुसरी तिसरीला." त्याला पटलं. तो स्वतःच बटण दाबत सुटला.

काय होतं ते लिहून ठेवतो. बारीक रेघ आधी मरते. गिरवायचे ठिपके काही जागी गायब होतात, काही जागी एकमेकांना चिकटून अळी होतात. मग गाठी भरतात, 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ पोटात मिसळते, आणि शेवटी 'ळ'. यंत्र जुनं आहे, शाई फार टाकतं. पण शाळेच्या कोपऱ्यावर असंच यंत्र असतं. नवं यंत्र बँकेत असतं, आणि बँकेत कुणी कित्ता गिरवत नाही.

आपला कित्ता मी चांगल्या छपाईसाठी काढला होता. आता वाईटातल्या वाईट यंत्रासाठी काढतोय. रस्ता खडकाळ असेल तर रस्त्यावर चिडून उपयोग नाही, जाड तळव्याची वहाण शिवावी लागते. ठिपके काढून टाकले, त्याजागी पोकळ अक्षर, आतून मोकळं, मुलाने त्याच्या पोटातून पेन्सिल चालवायची. बारीक रेघेला अंग दिलं. 'ळ'चे डोळे इतके मोठे केले की सुरुवातीला घाबरल्यासारखा दिसत होता. मग शिरोरेघ थोडी वर उचलली, तेव्हा शांत झाला.

सोबत नमुना पाठवतो. ही मूळ प्रत नाही. नकलेच्या नकलेची नक्कल आहे, कोपऱ्यावरच्या यंत्रातून निघालेली. 'ळ'मधून पलीकडचं दिसतं का ते उजेडात धरून बघ.

पान अर्धं रिकामं आहे, कारण तिथे वाक्यं येतात.

ताई, मी विचारतोय. तुझी वाक्यं मला या नव्या कित्त्यात वापरायला हवी आहेत. ती तुझी आहेत आणि तुझ्या परवानगीशिवाय मी त्यातलं एकही छापणार नाही, बाईंनी विनवलं तरी नाही. अटी तू घाल. कशाही घाल. वकिलांना विचारून आलोय, ते म्हणाले, बहिणीचा करार बटण दाबून होत नाही, तिथे वाचावं लागतं. वाचीन.

तू हो म्हणाली नाहीस तर कित्ता निघणार नाही. अक्षरं आहेत, पण नुसती अक्षरं म्हणजे रंगवलेली पाटी, खाली दुकान नाही.

तुझा भाऊ


गुरुवार, १८ जुलै

ताई,

पाकीट मिळालं. जाड होतं म्हणून आधी वाटलं, माझीच पत्रं परत केलीस.

कंपनीचे कागद कोरे बघितले. सहीच्या जागी तू पेन्सिलीने छोटा ढग काढलायस. तेवढंच. त्या गोड माणसाला मी ते दाखवणार नाही, त्याला ऑलमोस्ट सही वाटेल.

वाक्यं सगळी वाचली. जुनी आहेत तशी, आणि नवी. 'उंटाच्या पाठीवर ऊन बसले, उतरायला तयार नाही.' हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं अजून तशाच आहेत." मग भांडी घासता घासता तिने ते दोनदा म्हटलं. तिचा उंट आणि ऊन दोन्ही ऱ्हस्व येतात, पण मी बोललो नाही.

'ळ'चं: फळ्यावरचे फूल वाळत नाही, गळतही नाही. ताई, या ओळीत तीन 'ळ' आहेत. तू मला उद्देशून लिहिलंस हे मला कळतं. सहाही डोळे उघडे ठेवून काढीन.

आता तुझ्या अटी. पहिली, एकही शब्द बदलायचा नाही, ओळ मापात बसली नाही तर माप बदलायचं. मान्य. 'उंट' दोन ओळींत जाईल, जाऊ दे, उंटाला लांबच जायचं असतं.

मग दुसरी अट. मी परवानगीचा मजकूर वकिलांकडून लिहून घेतला होता. एक पानभर. 'सदर', 'उपरोक्त', 'तदनुषंगाने', सगळं होतं. शेवटच्या पानावर बारीक टायपात टाकायचा बेत होता. तू लिहितेस: 'बारीक अक्षर कुणी वाचत नाही, त्यातच सगळी फसगत आहे. परवानगी बारीक छापू नको. ती कित्त्यातच घाल, गिरवायच्या ओळीत. ज्याला उतरवून घ्यायचंय तो आपल्याच हाताने वाचील.'

आणि खाली ती ओळ:

हा कित्ता कुणीही उतरवावा, कुणालाही वाटावा, पण दुसऱ्याला अडवू नये.

मी वकिलांकडे नेली. त्यांनी आपलं पान बाजूला ठेवलं, तुझी ओळ वाचली, पुन्हा वाचली. म्हणाले, "या तीन तुकड्यांत माझं सगळं पान आलं की." मग थोडे खट्टू झाले. "फी मात्र पानाची घेणार," म्हणाले. घेऊ देत.

एक कारागीर म्हणून सांगतो, ओळ गिरवायला उत्तम आहे. 'ढ' आणि 'ठ' कमी पडतात, पण ते पुढच्या पानावर आहेत. 'दुसऱ्याला' मधला तो अर्धा 'र' मुलांना जड जातो, तोही होईल त्यांचा. पहिल्याच पानावर, चौथी ओळ. त्याआधी हात मोकळा व्हायला तीन ओळी लागतात.

कव्हरवर तुझं नाव वर घेतलंय, वाक्यं आधी जन्माला येतात म्हणून. मोठ्या बहिणी पण.

तुझा,
भाऊ


शनिवार, १० ऑगस्ट

ताई,

करार संपला. मागच्या सोमवारी आपला कित्ता कोपऱ्यावरच्या यंत्रातून पहिल्यांदा निघाला. तिसरीच्या बाईंनी वर्गापुरत्या प्रती घेतल्या, चौथीच्या बाईंनी त्यांच्याकडून, आणि पलीकडच्या शाळेतल्या कुणी तरी चौथीच्या बाईंकडून. झेरॉक्सवाल्याने एक प्रत स्वतःसाठी ठेवली. त्याचं अक्षर वाईट आहे, मीच सांगितलं होतं.

कंपनीने शाळेची नोटीस अजून मागे घेतलेली नाही. पण वकिलांनी एक पत्र पाठवलं, की जुना कित्ता शाळा आता वापरत नाही, वर्गात फक्त नवा आहे आणि त्याच्या चौथ्या ओळीत परवानगी आहे. त्यानंतर तिकडून आवाज आलेला नाही. भिंतीवरच्या जुन्या प्रती नष्ट केल्याचं बाईंनी खरं ते लिहून दिलं. एका दप्तरातल्या घडीबद्दल वकिलांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

पण मी लिहितोय ते कालच्या गोष्टीसाठी. काल तो गोड बोलणारा माणूस स्वतः वर्कशॉपात आला. तरुण आहे, बूट चकचकीत, रंगाच्या डब्यांतून पाय उचलून उचलून ठेवत होता. त्याला स्टूल पुसून दिलं.

"सर, नवा कित्ता पाहिला. अमेझिंग आहे. आम्हाला काढायचाय."

"काढा की. परवानगी आहे. चौथी ओळ."

"तेच. ती ओळ लीगलला दाखवली. पहिले दोन भाग परफेक्ट आहेत. फक्त शेवटचं ते... 'पण दुसऱ्याला अडवू नये'... ते तेवढं काढता आलं तर."

"का हो?"

"म्हणजे मग आम्ही छापायचा आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही छापणार. आम्हाला त्यात राहिलं काय?"

"चांगला कागद राहिला. चांगली छपाई राहिली. झेरॉक्सवाल्यापेक्षा सुंदर काढा, लोक तुमचा घेतील. मी पाट्या रंगवतो, शेजारी फ्लेक्सवाला आहे. मी काय त्याला नोटीस पाठवतो?"

तो हसला. पण हटला नाही. "सर, चारच शब्द आहेत."

"शब्द माझे नाहीत. ताईचे आहेत. आमच्या करारात आहे, एकही शब्द कमी करायचा नाही."

"तो करार बघायला मिळेल?"

मी तुझं पत्र काढून दाखवलं. त्याने पूर्ण वाचलं, अटींसकट. मग विचारलं, "यात त्यांची सही कुठे आहे?" मी म्हटलं, "ती मला सही करत नाही. ती मला ओळखते."

तेव्हा मी त्याला बोरू दिला आणि कोरं पान. म्हटलं, "तुम्हाला हवी तशी ओळ लिहून दाखवा, ते चार शब्द वगळून. बघू कशी दिसते." त्याने बाही वर केली. मन लावून लिहिलं हं, मला वाटलं नव्हतं. 'हा कित्ता कुणीही उतरवावा, कुणालाही वाटावा', आणि तिथे थांबला. पुढे बोटभर जागा कोरी राहिली.

त्याने ती बघितली. पाटी रंगवणाऱ्याला ठाऊक असतं, रिकामी जागा माणसाला टोचते. त्याने दौतीत बोरू बुडवला, म्हणाला, "लाइन अपुरी वाटते," आणि 'पण' लिहिलं. मग 'पण'वर तर थांबता येत नाही. जगात कुणालाच येत नाही. त्याने पुढचं लिहिलं, हळूहळू, जीभ दातांत धरून: दुसऱ्याला अडवू नये. अर्धा 'र' चुकला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काढून दाखवला, त्याने खाली तीन वेळा गिरवला.

मग भानावर आला. पान मागायला लागला. मी म्हटलं, "शाई ओली आहे, राहू द्या."

लीगलला विचारून कळवतो म्हणाला. कळवू दे. अक्षर बरं आहे त्याचं, फक्त घाई फार आहे. मंगळवारी वर्कशॉपात मी अक्षराचा वर्ग घेतो, तिथे या म्हटलंय, मोठ्यांनाही घेतो मी.

त्याच्या हातचं ते पान या पत्रासोबत पाठवतोय, मूळ. माझ्याकडे झेरॉक्स आहे.

तुझा,
भाऊ